वाचक विचारतात: वाळूमाशी, तिच्या जाती आणि तिच्या पोटातले परजीवी

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत वाळूमाशीतून पसरणाऱ्या चंडीपुरा तापाने मुलं दगावली, तेव्हापासून वाळूमाशी म्हणजेच सँडफ्लाय हा शब्द नाशिक जिल्ह्यातही घराघरात पोहोचला. गोठा, जुना वाडा, कुडाचं घर, महाविद्यालयाची प्रयोगशाळा अशा सगळीकडून प्रश्न आले आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

गोठ्याच्या भिंतीवर संध्याकाळी बारीक केसाळ माशा दिसतात. गुरं पाय झटकतात, आम्हालाही चावतात. ही वाळूमाशी की केमरं? – शेतकरी, दिंडोरी तालुका

बसण्याची ढब पाहा, पहिली ओळख तिथेच पटते. पहाटे पाचच्या सुमारास विजेरी घेऊन भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत, कोपऱ्यात आणि गव्हाणीच्या मागे प्रकाश टाका. वाळूमाशी दीड ते तीन मिलिमीटरची, फिकट तपकिरी, अंगभर केस आणि पाय लांबलचक. बसलेली असताना तिचे पंख पाठीवर मिटत नाहीत. ते व्ही अक्षरासारखे वर उभे राहतात. हुसकावली तर सरळ उडून जात नाही, टुणटुण उड्या मारत वीतभर पुढे जाऊन पुन्हा भिंतीलाच चिकटते. उडताना आवाज नसतो.

केमरंही तेवढीच लहान, पण त्यांचे पंख पाठीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले आणि बहुधा ठिपकेदार असतात. मेंढ्यांना नीलजिव्हा रोग होतो तो या केमरांमुळे, तेव्हा ती असली तरी दुर्लक्ष करू नका.

आणखी दोन गफलती नेहमी होतात. न्हाणीघराच्या मोरीजवळ बसणारी केसाळ, पतंगासारखी माशी वाळूमाशीच्याच कुळातली आहे, पण तिचे पंख रुंद आणि छपरासारखे उतरते असतात, आणि ती चावत नाही. इंदिरानगर आणि गंगापूर रोडच्या वाचकांनी पाठवलेली बहुतेक छायाचित्रं तिचीच आहेत. निफाडच्या एका बागायतदारांनी द्राक्षाच्या क्रेटभोवतीच्या माशांबद्दल विचारलं आहे. तांबड्या डोळ्यांच्या त्या माशा आंबलेल्या फळावर येतात, त्यांचा रक्ताशी संबंध नाही.

मग गोठ्यातून त्या घालवायच्या कशा? डबकी तर आम्ही कधीच बुजवली. – तेच

डबकी बुजवलीत ते डासांसाठी चांगलं झालं. वाळूमाशी मात्र पाण्यात अंडी घालत नाही. अंधारी, ओलसर आणि शेणामुताचा अंश असलेली माती तिला लागते. गव्हाणीच्या बुडाशी, फरशीच्या सांध्यात, भिंत आणि जमीन यांच्यामधल्या फटीत मादी काही डझन अंडी घालते. अळी तिथलीच कुजकी घाण खाते. अंड्यापासून माशी व्हायला साधारण एक ते दोन महिने लागतात आणि थंडीत त्याहून जास्त. म्हणून आज सफाई केली आणि पंधरा दिवसांत माशा तेवढ्याच दिसल्या, तर उपाय फसला असं समजू नका. आधीच्या अळ्या अजून मातीत असतात. निदान दोन महिने काम नेटाने चालू ठेवा.

शेण रोज उचला आणि उकिरडा घरापासून लांब, उन्हाच्या जागी हलवा. ही माशी उडण्यात कच्ची आहे, एका दमात फार लांब जात नाही आणि साधारण काहीशे मीटरच्या आतच वावरते. त्यामुळे गोठा आणि झोपण्याची खोली यांतलं अंतर वाढवलं तरी फरक पडतो. गोठ्याच्या जमिनीला दर चाळीस ते साठ फुटांमागे एक फूट उतार द्या, म्हणजे मूत साचत नाही. फरशी असेल तर सांधे सिमेंटने भरा.

भिंतीचं काम इथे सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल आत कोंडते, वर्ष-दोन वर्षांत गिलावा फुगून सुटतो आणि त्यामागे जी पोकळी होते ती माशीला उघड्या भेगेपेक्षा सोयीची. मातीच्या भिंतीला चिखल-चुन्याचाच लेप द्या. दगड-विटांच्या भिंतीला एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू असा गिलावा चालतो. जमिनीपासून चार फुटांपर्यंत एकही भेग सोडू नका. त्याहून वरच्या भागात हात आखडता घेतला तरी चालेल. कळीचा चुना भिजवताना चुना पाण्यात थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून डोळ्यात जातो. चष्मा लावा, मुलं आणि गुरं लांब ठेवा, आणि लेप पूर्ण वाळल्यावरच गुरं बांधा.

सारवणाबद्दल पुष्कळ बहिणींनी विचारलं आहे. पातळ सारवलेली, तासाभरात वाळणारी जमीन हा प्रश्न नाही. माठाखालचा, जात्यामागचा, कधीच न वाळणारा भुसभुशीत कोपरा हा प्रश्न आहे. तो खरवडून ठोकून घ्या.

वाळूमाशा देशभर आहेत. मग काळा आजार बिहार, झारखंडकडेच का? इथे का नाही? – शिक्षिका, नाशिक रोड

काळा आजार म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा, दीर्घ ताप आणणारा आणि प्लीहा वाढवणारा आजार. वाळूमाशी ही एक जात नाही. जगात हजाराच्या आसपास जाती नोंदल्या आहेत, भारतात साठाहून अधिक. त्यातल्या रोग पसरवणाऱ्या थोड्याच. आपल्याकडे दोन प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) महत्त्वाच्या: फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमायिया. फ्लेबोटोमस सस्तन प्राण्यांचं रक्त पिते, सर्जेंटोमायियाचा ओढा मुख्यतः पाली-सरड्यांकडे असतो.

फ्लेबोटोमसमध्येही वाटणी आहे. रुपेरी पायांची अर्जेंटिपेस ही जात लीशमानिया डोनोवानी हा काळ्या आजाराचा परजीवी वाहते. पापाटासी ही जात राजस्थानच्या वाळवंटी भागात लीशमानिया मेजर वाहते, त्याने कातडीवर व्रण होतात. सर्जेंटी ही जात लीशमानिया ट्रॉपिका वाहते आणि बिकानेरकडचे व्रण बरेचसे त्याचे.

अशी वाटणी पडते ती माशीच्या आतड्यात. रोग्याच्या रक्ताबरोबर परजीवी पोटात जातो तेव्हा तो गोल, शेपटी नसलेला असतो. माशीच्या पोटात त्याला शेपटी फुटते आणि तो पोहू लागतो. रक्त पचून बाहेर टाकलं जायच्या आत, म्हणजे तीन-चार दिवसांत, त्याला आतड्याच्या भिंतीला चिकटावं लागतं. चिकटला नाही तर विष्ठेबरोबर बाहेर जातो आणि खेळ संपतो. चिकटण्यासाठी त्याच्या अंगावरची शर्करा आतड्यावरच्या रेणूशी जुळावी लागते. पापाटासीच्या आतड्याशी लीशमानिया मेजरच नीट जुळतो, डोनोवानी जुळत नाही. अर्जेंटिपेस त्या मानाने उदार आहे. चिकटून वाढलेले परजीवी पुढे माशीच्या घशाशी सरकतात आणि एक चिकट गोळा तयार करून वाट अडवतात. मग चावताना माशीला रक्त ओढणं जड जातं, ती पुन्हा पुन्हा टोचते आणि गोळ्यासकट परजीवी जखमेत ओकते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. अर्जेंटिपेस महाराष्ट्रातही मिळते. पण भारतात काळ्या आजाराचा साठा माणसातच असतो, प्राण्यांत नाही. गंगेकाठची ओल धरणारी गाळाची जमीन, मातीची घरं, गुरांशेजारी झोपणं, आणि त्याच वस्तीत उपचार न झालेले रुग्ण, हे सगळं एकत्र आलं तेव्हा तिथे साखळी चालू राहिली. नाशिकमध्ये माशी असली तरी परजीवी बाळगणारी माणसं साखळी चालेल एवढी नाहीत. बिहार-झारखंडकडचंही चित्र आता पालटलं आहे. २०२३ च्या अखेरीस देशातल्या सर्व बाधित तालुक्यांत रुग्णांचं प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आलं. अर्जेंटिपेसच हा रोग पसरवते हे भारतातच १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी सिद्ध केलं होतं.

एम.एस्सी.साठी नाशिक परिसरातील वाळूमाशांच्या जातींवर प्रकल्प करायचा आहे. कुठून सुरुवात करू? माशांमध्ये परजीवी आहेत का, तेही तपासायचं आहे. – विद्यार्थी, पंचवटी

आधी जागा ठरवा. एकाच प्रकारच्या जागा घेतल्या तर जातींची यादी लंगडी राहते. गोदाकाठचे जुने दगडी वाडे, निफाड-दिंडोरीकडचे गोठे, पेठ-सुरगाण्याकडची कुडाची घरं, आणि घरांपासून दूर झाडांची ढोली आणि वारुळं, अशा चार प्रकारांत काम वाटा. थंडीत निफाडकडे पारा फार उतरतो, तेव्हा माशा जवळजवळ दिसत नाहीत. जून ते ऑक्टोबर हा हंगाम हातचा जाऊ देऊ नका.

पकडण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही वापरा, कारण प्रत्येकीत वेगळ्या जाती सापडतात.

पहिली रीत प्रकाश-सापळा. सहा व्होल्टची बॅटरी, छोटा दिवा, पंखा आणि खाली जाळीची पिशवी. तोंड जमिनीपासून एक-दीड फुटावर येईल असा टांगा आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा ठेवा. डासांच्या सापळ्याची पिशवी जशीच्या तशी लावली तर वाळूमाशा जाळीतून निसटतात, म्हणून बारीक विणीचं कापड शिवून घ्या. शेजारी दुसरा दिवा जळत असेल तर सापळा रिकामा येतो. वाऱ्याच्या झोतातही काही मिळणार नाही.

दुसरी रीत चिकट कागद. ए-चार आकाराचे पांढरे कागद एरंडेलात बुडवून निथळा आणि भेगांच्या तोंडाशी, ढोलीत किंवा वारुळाजवळ रात्रभर ठेवा. एरंडेलच का, तर ते तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळतं. शेंगदाण्याचं तेल विरघळत नाही, नमुना कायमचा तेलकट राहतो आणि काचपट्टीवर काही दिसत नाही. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बारीक कुंचल्याने माशी उचला आणि ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दोन-तीनदा धुवा.

तिसरी रीत नळीने ओढून घेणं. पहाटे विजेरीच्या उजेडात भिंतीवरची माशी काचेच्या नळीत ओढतात. तोंडाने ओढणार असाल तर मध्ये बारीक कापडाचा दुहेरी पडदा हवाच, गोठ्यातली धूळ छातीत जाते. बॅटरीचा पंखा असलेली नळी मिळाली तर तीच वापरा. मिळालेल्या माशांना एकूण मिनिटं आणि माणसं यांच्या गुणाकाराने भागून साठने गुणलं की दर मनुष्य-तासाची घनता येते. दोन जागांची तुलना याच आकड्यावर करा, नुसत्या संख्येवर नको.

ओळख पटवणं हे चिकाटीचं काम आहे. माशी एकेकटी हाताळा. डोकं आणि पोटाची शेवटची वळी कापून वेगळी करा आणि छाती व पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जपून ठेवा. डीएनए तिथूनच मिळेल. ही छाती फेकून देणारे विद्यार्थी पुढे हळहळतात, कारण शंका आली तर तपासायला काहीच उरत नाही. कापलेले भाग १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक होईपर्यंत ठेवा, पाण्याने धुवा आणि काचपट्टीवर बसवा. डोकं उताणं ठेवायला विसरू नका, नाहीतर मुखपोकळीतले दात दिसत नाहीत. दातांची स्पष्ट रांग दिसली तर बहुधा सर्जेंटोमायिया. फ्लेबोटोमसमध्ये दात नसतात किंवा नावापुरते असतात. पोटाच्या पाठीवरचे केस फ्लेबोटोमसमध्ये उभे, सर्जेंटोमायियात बहुतेक आडवे. मादीत शुक्राची पिशवी पाहा: फ्लेबोटोमसची मण्यांच्या माळेसारखी वळीदार, सर्जेंटोमायियाची सहसा गुळगुळीत. नराच्या शेपटाकडे मोठे आकडे असतात, तो भिंगाखाली लगेच ओळखू येतो. अर्जेंटिपेस स्वतःच जवळच्या जातींचा गट आहे, म्हणून शक्य तिथे सीओआय जनुकाचा बारकोड, म्हणजे जात ओळखून देणारा डीएनएचा अनुक्रम, जोडा.

परजीवींचा भाग सांभाळून करा. इथे चुकीचे निष्कर्ष सहज निघतात. पोटात ताजं रक्त असलेल्या मादीत लीशमानियाचा डीएनए सापडला, तर त्याचा अर्थ एवढाच की ज्या प्राण्याचं रक्त ती प्यायली त्याच्यात परजीवी होता. ती रोग पसरवते असं त्यातून सिद्ध होत नाही. रक्त पूर्ण पचलेल्या मादीत, शक्यतो जिवंत शेपटीधारी परजीवी दिसले, तरच पुढचा विचार करता येतो. दुसरं असं की पाली-सरड्यांचे स्वतःचे लीशमानिया आहेत, ते सर्जेंटोमायिया वाहते आणि माणसाला त्यांचा त्रास नाही. संपूर्ण लीशमानिया प्रजातीसाठीची पीसीआर (डीएनए शोधणारी) चाचणी त्यांनाही होकारार्थी दाखवू शकते. म्हणून आयटीएस-१ या डीएनएच्या खंडाचा अनुक्रम काढल्याशिवाय एका शब्दानेही जाहीर करू नका. अर्धवट अहवालाने गावात घबराट पसरते आणि ती पुसून काढणं फार अवघड असतं. जिवंत माशीचं विच्छेदन हातमोजे घालून आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखतच करा.

आमच्या वाड्यात पाली भरपूर आहेत. सर्जेंटोमायिया पालींचं रक्त पिते तर पाली असू द्याव्यात की माराव्यात? – जुने नाशिक

पाली मारू नका, त्या माशाच खातात. पण सर्जेंटोमायिया पूर्ण निरुपद्रवी आहे असंही समजू नका. तिच्या काही जाती माणसालाही चावतात, आणि तेलंगणातल्या करीमनगर भागातल्या सर्जेंटोमायियात चंडीपुरा विषाणू मिळाला आहे. लाकडी तुळयांच्या खोबणी आणि दगडांचे सुटलेले सांधे भरून घ्या, दोन्ही प्रकारच्या माशांचा आसरा जाईल.

आमच्याकडच्या एका कामगाराला गावी काळा आजार झाला होता. आता अंगावर फिकट चट्टे आलेत. इतरांना धोका आहे का? त्याला परत पाठवावं का? – लघुउद्योजक, सातपूर

परत पाठवू नका, दवाखान्यात पाठवा. हा आजार माणसामाणसांत शिवण्याने, एकत्र जेवण्याने पसरत नाही. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्वचेवर फिकट चट्टे वा गाठी येतात. रुग्णाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून तो अंगावर काढतो. पण या चट्ट्यांत परजीवी असतात आणि माशीला ते तिथून मिळतात. त्यामुळे उपचार त्याच्यासाठी जितका गरजेचा, तितकाच वस्तीसाठी.

हे चट्टे कुष्ठरोगासारखे दिसतात. फरक असा की यांत संवेदना शाबूत असते. डॉक्टरांना आधीच्या काळ्या आजाराबद्दल आवर्जून सांगा, कारण नाशिकमध्ये ही शंका त्यांच्या मनात आपसूक येईलच असं नाही. आरके-३९ ही काळ्या आजाराची पट्टीची रक्तचाचणी पूर्वी आजार झालेल्यांत पुढे कैक महिने होकारार्थीच राहते, त्यामुळे तिच्यावरून नव्या आजाराचा निकाल लावता येत नाही. त्वचेचा नमुना घ्यावा लागतो. या चट्ट्यांवर मिल्टेफोसिनच्या गोळ्या १२ आठवडे चालतात, मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. गरोदर स्त्रीला हे औषध देत नाहीत.

बिहार-झारखंडहून आलेल्या कुणालाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप, वजन घटणं आणि डाव्या बरगडीखाली जडपणा असेल, तर प्लीहा तपासून घ्या. ताज्या काळ्या आजाराला लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम, असा एकच डोस शिरेतून देतात. तो रुग्णालयातच द्यायचा असतो.

चंडीपुरा ताप कसा ओळखावा? आमचं गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे. – आशा कार्यकर्ती, पेठ तालुका

हा परजीवी नव्हे, विषाणू आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चंडीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. १५ वर्षांखालच्या मुलांना तो गाठतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. २०२४ मध्ये जून ते मध्य ऑगस्ट या काळात देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले. या २४५ रुग्णांपैकी ६४ जणांत चंडीपुरा निश्चित झाला.

तुमच्या हातात वेळ फार कमी असतो. सकाळी खेळणारं मूल अचानक तापाने फणफणतं, उलट्या, कधी जुलाब, मग झटके आणि गुंगी. एक-दोन दिवसांत मूल हातचं जाऊ शकतं. हा चंडीपुराच आहे की जपानी मेंदूज्वर की मेंदूचा हिवताप, हे गावात ठरवायची गरज नाही. ताप आणि झटका, किंवा ताप आणि गुंगी, एवढं दिसलं की १०८ ला फोन करा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

गाडी येईपर्यंत मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. कपडे सैल करा, झटका किती वेळ चालला ते पाहून ठेवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. नुसताच ताप आणि मूल शुद्धीवर असेल तर पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम द्यायला हरकत नाही. ॲस्पिरिन देऊ नका. या विषाणूवर औषध किंवा लस नाही. रुग्णालयात झटके थांबवतात, मेंदूची सूज उतरवतात, श्वास सांभाळतात, आणि मूल वाचतं ते त्यावरच. रक्त व पाठीतलं पाणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे जातं, पण उपचार अहवालासाठी थांबवत नाहीत.

धूर फवारणी करून घेतली तर माशा जातील ना? – ग्रामपंचायत सदस्य, इगतपुरी तालुका

धुराने त्या वेळी उडणाऱ्या तेवढ्याच मरतात, भेगेतल्या राहतात. घराच्या आतल्या आणि गोठ्याच्या भिंतींवर टिकून राहणारी फवारणी लागते. ती हिवताप विभागाचे प्रशिक्षित कर्मचारी करतात, कीटकनाशक आणि मात्रा तेच ठरवतात. फवारणीनंतर लगेच सारवलं किंवा रंग दिला तर औषध झाकलं जातं आणि सगळं वाया जातं. हे घरोघरी आधी सांगा.

आम्ही मच्छरदाणीत झोपतो. ती पुरेशी आहे का? – अनेक वाचक

साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून वाळूमाशी आत शिरू शकते. फार बारीक विणीची घेतली तर आत उकडतं आणि माणसं ती गुंडाळून ठेवतात. म्हणून कीटकनाशक भारलेली मच्छरदाणी घ्या. माशी जाळीला टेकली की मरते किंवा परतते. ती वारंवार धुऊ नका, सुमारे वीस धुण्यांपर्यंत गुण टिकतो. साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. कडा गादीखाली खोचा. जमिनीवर अंथरूण टाकण्यापेक्षा खाट बरी. पायाच्या बाजूने पंख्याचा झोत ठेवा, वाऱ्यात ही माशी टिकत नाही. संध्याकाळी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम उघड्या कातडीवर लावता येतं, पण दोन महिन्यांखालच्या बाळाला नाही, आणि कुठल्याही मुलाच्या हातांच्या पंजांवर किंवा डोळ्यांजवळ नाही.